नभोवाणीचा वार्ताहर : एडवर्ड मर्रो

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नभोवाणीचा प्रसार झाला आणि एका ठिकाणी उच्चारलेला शब्द त्याच क्षणी हजारो मैलांवरच्या घरांत ऐकू येऊ लागला. या नव्या साधनामुळे मोठी सोय झाली, तसा मोठा धोकाही निर्माण झाला. कारण खोटा शब्दही खऱ्या शब्दाइतक्याच वेगाने समुद्र ओलांडू लागला. जर्मनीतील नाझी राज्यकर्त्यांनी द्वेष आणि असत्य पसरविण्यासाठी नभोवाणीचा पुरेपूर उपयोग करून घेतला. त्याच काळात एका अमेरिकन वार्ताहराने, आपण जे डोळ्यांनी पाहिले तेच आणि तेवढेच सांगण्याचे व्रत घेतले होते. युद्धाच्या दिवसांत लक्षावधी अमेरिकन कुटुंबे रात्री नभोवाणीयंत्राभोवती बसून त्याच्या आवाजाची वाट पाहत असत. त्या वार्ताहराचे नाव एडवर्ड मर्रो.

एडवर्डचा जन्म २५ एप्रिल १९०८ रोजी अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात झाला. ग्रीन्सबरो शहराजवळ पोलकॅट क्रीक नावाच्या ओढ्याच्या परिसरात त्याच्या आईवडिलांची लहानशी शेती होती. घरात ना विजेचा दिवा होता, ना पाण्याचा नळ. तिघा भावांत तो सर्वांत धाकटा. त्याचे पाळण्यातले नाव एगबर्ट असे होते. पुढे कॉलेजात असताना त्याने ते बदलून एडवर्ड हे नाव घेतले. मर्रो कुटुंब क्वेकर पंथाचे होते. साधी राहणी, कष्ट आणि सत्यभाषण यांवर या ख्रिस्ती पंथाचा विशेष भर असतो. घरात बायबलाचे नित्य वाचन होई. चांगली भाषा कानांवर पडण्याचे भाग्य त्या गरीब घरातील मुलांना असे लाभले.

एडवर्ड सुमारे सहा वर्षांचा असताना हे कुटुंब देशाच्या दुसऱ्या टोकाला, पॅसिफिक महासागराच्या किनाऱ्यावरील वॉशिंग्टन राज्यात, ब्लँचर्ड या गावी येऊन राहिले. तो प्रदेश घनदाट अरण्यांचा. उंच उंच वृक्ष तोडायचे आणि त्यांचे ओंडके आगगाडीने वाहून न्यायचे, हा तेथील मोठा उद्योग. वडिलांना या लाकडाच्या आगगाडीवर काम मिळाले आणि पुढे ते इंजिनचालक झाले. एडवर्डही शाळेच्या सुटीत लाकूडतोड्यांच्या छावणीत मजुरी करी. शाळेत मात्र तो वादविवादात पुढे असे आणि विद्यार्थ्यांचा पुढारी म्हणून ओळखला जाई. शालेय शिक्षण संपले तेव्हा कॉलेजात जाण्याइतके पैसे त्याच्यापाशी नव्हते. त्याने एक वर्ष जंगलात राबून पैसे साठविले आणि १९२६ साली पुलमन येथील वॉशिंग्टन स्टेट कॉलेजात नाव घातले.

या कॉलेजात त्याला आयडा लू अँडरसन या शिक्षिका भेटल्या. बालपणी पोलिओ झाल्यामुळे त्यांचा पाठीचा कणा वाकला होता. त्यांचे शरीर ठेंगणे होते आणि प्रकृती नेहमी नाजूक असे. पण वक्तृत्व शिकविण्यात त्यांचा हातखंडा होता. आवाज चढविणे म्हणजे वक्तृत्व नव्हे. बोलण्यापूर्वी अर्थ स्वतःच्या मनात स्वच्छ असला पाहिजे, कोणत्या शब्दावर भार द्यावा आणि कोठे क्षणभर थांबावे हे कळले पाहिजे, हे एडवर्डला त्यांच्यापाशी शिकावयास मिळाले. लाकूडतोड्यांच्या छावणीतून आलेल्या या उंच, अबोल मुलात त्यांना काही निराळेच दिसले. त्यांनी त्याच्यावर फार मेहनत घेतली, आणि त्यानेही आपल्या या गुरूंचे ऋण जन्मभर मानले.

१९३० साली पदवी घेतल्यावर एडवर्ड राष्ट्रीय विद्यार्थी संघटनेचा अध्यक्ष म्हणून न्यूयॉर्कला गेला. त्या वेळी अमेरिकेच्या दक्षिण भागात कृष्णवर्णीयांना गोऱ्यांच्या शेजारी बसण्यासही मज्जाव असे. अशा दक्षिणेतील अटलांटा शहरी संघटनेचे अधिवेशन भरले, तेव्हा कृष्णवर्णीय प्रतिनिधींना इतरांच्या बरोबरीने बसता यावे, अशी व्यवस्था त्याने चातुर्याने घडवून आणली. पुढे १९३३ साली जर्मनीत हिटलरची सत्ता आली आणि ज्यू व इतर अनेक प्राध्यापकांना विद्यापीठांतून हाकलून देण्यात आले. त्यांना अमेरिकेत आश्रय व काम मिळवून देण्यासाठी एक समिती स्थापन झाली. तिच्या कामाचा मोठा भार एडवर्डने उचलला. या समितीने पुढील काळात तीनशेहून अधिक विद्वानांना साहाय्य केले. या निमित्ताने हिटलरच्या राजवटीची खरी ओळख त्याला इतरांच्या फार आधी पटली.

१९३५ साली मर्रो यांनी कोलंबिया ब्रॉडकास्टिंग सिस्टिम या नभोवाणी संस्थेत नोकरी धरली आणि १९३७ साली संस्थेचे युरोपातील प्रतिनिधी म्हणून ते लंडनला गेले. त्यांचे काम बातम्या देण्याचे नव्हते. निरनिराळ्या देशांतील वक्त्यांची भाषणे ठरविणे, एवढेच त्यांच्याकडे होते. परंतु १९३८ च्या मार्च महिन्यात हिटलरच्या फौजा ऑस्ट्रियात शिरल्या. मर्रो तेव्हा पोलंडमध्ये होते. व्हिएन्नात असलेले त्यांचे सहकारी विल्यम शायरर यांना तेथून बोलण्याची परवानगी मिळेना, म्हणून ते विमानाने लंडनला गेले. इकडे मर्रो यांनी बर्लिन गाठले, तेथून व्हिएन्नाला जाण्यासाठी एक संपूर्ण विमान भाड्याने घेतले आणि त्यात एकट्याने प्रवास केला. १३ मार्च रोजी लंडन, पॅरिस, बर्लिन आणि व्हिएन्ना येथील वार्ताहरांचे आवाज एकामागून एक अमेरिकेत ऐकू आले. एकाच कार्यक्रमात अनेक राजधान्यांतील वृत्तांत त्या त्या ठिकाणाहून थेट सांगण्याची पद्धत येथूनच रूढ झाली. भाषणे ठरविणारा माणूस त्या दिवसापासून वार्ताहर झाला.

पुढे मर्रो यांनी युरोपभर आपले सहकारी नेमले. ते निवडताना त्यांनी गोड गळ्याचा शोध घेतला नाही. ज्याला इतिहास ठाऊक आहे, ज्याची नजर बारीक आहे आणि ज्याला साध्या भाषेत सांगता येते, असा माणूस त्यांना हवा असे. कोणाचा आवाज चांगला नाही, अशी तक्रार न्यूयॉर्कहून आली, तरी ते आपल्या निवडीवर ठाम राहत.

१९३९ च्या सप्टेंबरात दुसरे महायुद्ध सुरू झाले. पुढच्या वर्षी फ्रान्स पडला आणि इंग्लंड एकाकी उरले. ७ सप्टेंबर १९४० पासून जर्मन विमानांनी लंडनवर बाँबहल्ले सुरू केले. सतत ५७ रात्री हे हल्ले चालू होते. पुढील वर्षीच्या मे महिन्यापर्यंत ब्रिटनमध्ये ४०,००० हून अधिक नागरिक त्यांना बळी पडले. सामान्य माणसे रात्री तळघरांत आणि भुयारी रेल्वेच्या स्थानकांत झोपत आणि सकाळी काचांच्या चुऱ्यावरून चालत कामाला जात. अमेरिका त्या वेळी युद्धात उतरली नव्हती. युरोपचे भांडण युरोपने मिटवावे, असे तेथील पुष्कळ लोकांना वाटत होते. समुद्रापलीकडे काय घडत आहे, हे त्यांना कोणीतरी खरेखुरे सांगणे आवश्यक होते.

हे काम मर्रो यांनी केले. त्यासाठी त्यांनी मोठमोठे शब्द वापरले नाहीत. हल्ल्यानंतर उघडलेले दुकान, आग विझविणाऱ्या माणसाचा थकलेला चेहरा, पडक्या घरासमोर झाडलोट करणारी गृहिणी, अशा लहान लहान गोष्टी ते सांगत. २४ ऑगस्ट १९४० च्या रात्री ते लंडनच्या ट्रॅफल्गर चौकात एका चर्चच्या पायऱ्यांपाशी उभे होते. धोक्याचा भोंगा वाजत होता आणि लोक आसऱ्याच्या तळघराकडे चालले होते. मर्रो यांनी मायक्रोफोन खाली फरसबंदीजवळ नेला. अमेरिकेतील श्रोत्यांना लंडनच्या लोकांची पावले ऐकू आली. ती पावले धावत नव्हती. शांतपणे चालत होती. लंडनचे लोक घाबरून गेलेले नाहीत, हे त्या पावलांच्या आवाजाने कोणत्याही भाषणापेक्षा अधिक स्पष्ट झाले.

हल्ला चालू असताना गच्चीवर उभे राहून वर्णन करावे, असे मर्रो यांच्या मनात आले. परंतु त्या काळी प्रत्येक वार्ताहराला आपला मजकूर आधी लिहून सरकारी तपासनिसाकडून मंजूर करून घ्यावा लागे. शत्रूला उपयोगी पडेल असा एखादा शब्द निसटून जाऊ नये, हा त्यातील हेतू होता. गच्चीवरून जे दिसेल ते आधी लिहून कसे ठेवणार? अधिकाऱ्यांनी परवानगी नाकारली. मर्रो यांनी वाद घातला नाही. ते रात्रीमागून रात्री गच्चीवर गेले, समोरच्या हल्ल्याचे वर्णन ध्वनिमुद्रित केले आणि ते तपासनिसांपुढे ठेवले. त्यात एकही वावगा शब्द नव्हता. अखेर पंतप्रधान चर्चिल यांच्या संमतीने परवानगी मिळाली. मग शोधदिव्यांचे झोत, तोफांचे आवाज आणि दूरवर पेटलेल्या आगी यांचे वर्णन अमेरिकेतील लोक आपापल्या घरी बसून त्याच क्षणी ऐकू लागले. या काळात त्यांच्या कार्यालयावरही बाँब पडले. परंतु त्यांनी लंडन सोडले नाही.

त्यांच्या प्रत्येक वृत्तांताचा आरंभ ठरलेला असे. आपण लंडनहून बोलत आहोत, एवढेच ते प्रथम सांगत. मात्र पहिल्या शब्दानंतर क्षणभर थांबून मग शहराचे नाव घेत. त्या क्षणभराच्या स्तब्धतेत श्रोत्यांच्या मनात उत्कंठा दाटून येई. ही सूचना आयडा लू अँडरसन यांनी दूर अमेरिकेतून पाठविली होती. आजारी असूनही त्या आपल्या शिष्याचा प्रत्येक वृत्तांत लक्षपूर्वक ऐकत. १९४१ साली त्यांचे निधन झाले. आपल्या शिष्याचा आवाज साऱ्या देशाला परिचित झालेला त्यांना ऐकावयास मिळाला.

१९४१ च्या डिसेंबरात अमेरिकाही युद्धात उतरली. मर्रो यांनी केवळ दुरून वृत्तांत देण्यात समाधान मानले नाही. वरिष्ठांची इच्छा नसतानाही त्यांनी सुमारे २५ वेळा लढाऊ विमानांतून प्रवास केला. २ डिसेंबर १९४३ च्या रात्री ते एका लँकेस्टर बाँबफेकी विमानातून बर्लिनवर गेले. त्या रात्री निघालेल्या वार्ताहरांपैकी सर्व जण परत आले नाहीत. मर्रो परतले आणि त्यांनी जे पाहिले ते सांगितले. शत्रूचे शहर जळत आहे म्हणून त्यांनी विजयाचा जल्लोष केला नाही. आकाशात वैमानिक मरत होते आणि खाली तळघरांत माणसे होरपळत होती, हे दोन्ही त्यांनी सारख्याच गांभीर्याने सांगितले.

१९४५ च्या एप्रिलमध्ये जर्मनीतील बुखेनवाल्ड येथील नाझींची बंदिछावणी मुक्त झाली. दुसऱ्याच दिवशी, १२ एप्रिल रोजी, मर्रो तेथे पोहोचले. उपासमारीने हाडांचा सापळा झालेले कैदी, दंडावर क्रमांक गोंदलेली लहान मुले आणि रचून ठेवलेली प्रेते त्यांनी पाहिली. पाहिलेले सांगण्यासाठी त्यांना तीन दिवस लागले. १५ एप्रिलच्या वृत्तांतात त्यांनी मोजलेले आकडे आणि भेटलेल्या माणसांची हकिगत सांगितली. आपण पाहिले त्याचा हा केवळ काही भाग आहे, उरलेल्यासाठी आपल्यापाशी शब्द नाहीत, असेही त्यांनी प्रांजळपणे सांगून टाकले. ज्याने जन्मभर शब्दांची साधना केली, त्याने शब्दांची मर्यादाही मान्य केली.

युद्ध संपल्यावर मर्रो मायदेशी परतले. संस्थेने त्यांना मोठ्या अधिकाराची जागा दिली. परंतु कागदपत्रांत त्यांचे मन रमेना. १९४७ साली ते पुन्हा मायक्रोफोनपुढे येऊन बसले आणि रोज सायंकाळी बातम्या सांगू लागले. १९५१ पासून त्यांनी नभोवाणीवर आणखी एक कार्यक्रम चालविला. आपण कोणत्या श्रद्धेवर जगतो, हे निरनिराळ्या व्यवसायांतील माणसांनी थोड्या मिनिटांत सांगावे, अशी त्याची कल्पना होती. त्यात हेलन केलर यांच्यासारख्या थोर व्यक्ती बोलल्या, तशी सामान्य माणसेही बोलली. त्याच वर्षी त्यांनी दूरचित्रवाणीवरही एक साप्ताहिक कार्यक्रम सुरू केला. त्याच्या पहिल्याच भागात अमेरिकेच्या दोन्ही बाजूंचे महासागर एकाच वेळी दाखवून त्यांनी प्रेक्षकांना थक्क केले.

परंतु त्यांची खरी कसोटी पुढेच होती. जोसेफ मॅकार्थी नावाचे एक सिनेटर १९५० पासून अनेकांवर देशद्रोहाचे आरोप करीत सुटले होते. पुरावा नसतानाही नुसत्या संशयावरून लोकांच्या नोकऱ्या जात. शेजारी शेजाऱ्याला भिऊ लागला. हवाई दलातील एका तरुण अधिकाऱ्याला तर वडिलांच्या व बहिणीच्या मतांवरून काढून टाकण्याचे ठरले. १९५३ च्या ऑक्टोबरमध्ये मर्रो यांनी त्याची हकिगत लोकांपुढे मांडली आणि सुमारे महिनाभरात त्या अधिकाऱ्याला न्याय मिळाला. त्यानंतर ९ मार्च १९५४ रोजी त्यांनी खुद्द मॅकार्थी यांच्यावर अर्ध्या तासाचा कार्यक्रम केला. संस्थेने त्याची जाहिरात देण्याचे नाकारले, तेव्हा मर्रो आणि त्यांचे सहकारी फ्रेड फ्रेंडली यांनी पदरचे पैसे घालून वर्तमानपत्रात जाहिरात दिली. कार्यक्रमाचा बहुतेक भाग मॅकार्थी यांच्याच चित्रफितींचा होता. त्यांचे एक विधान दुसऱ्याशी कसे जुळत नाही, हे मर्रो शांतपणे दाखवीत गेले. पुढील महिन्यात मॅकार्थी यांनाही उत्तर देण्याची संधी दिली गेली.

मॅकार्थी यांच्याविरुद्ध बोलणारे मर्रो हे पहिले नव्हते. काही वर्तमानपत्रांनी आणि सिनेटरांनी आधीही धैर्य दाखविले होते. परंतु इतक्या लोकांच्या घरांत पोहोचलेल्या माणसाने ते केल्यामुळे सामान्य जनतेला धीर आला. २ डिसेंबर १९५४ रोजी सिनेटने ६७ विरुद्ध २२ मतांनी मॅकार्थी यांच्या वर्तनाचा निषेध केला.

या धैर्याची किंमत मर्रो यांना मोजावी लागली. वादग्रस्त विषय जाहिरातदारांना नको असत आणि करमणुकीच्या कार्यक्रमांतून अधिक पैसा मिळत असे. १९५८ साली त्यांचा तो दूरचित्रवाणी कार्यक्रम बंद पडला. त्याच वर्षी शिकागो येथे आपल्याच व्यवसायातील लोकांसमोर भाषण करताना, एवढे प्रभावी साधन केवळ मन रमविण्यासाठी वापरणे योग्य नव्हे, असे त्यांनी परखडपणे बजावले. १९६० च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी शेतमजुरांच्या हालअपेष्टांवर एक कार्यक्रम केला. देशाला अन्न पिकवून देणारी माणसे स्वतः कशी अर्धपोटी राहतात, हे त्यांनी सुखवस्तू प्रेक्षकांना सणाच्या दुसऱ्या दिवशी दाखविले.

मर्रो हे माणूसच होते. त्यांच्या ठायी उणिवाही होत्या. १९६१ साली अध्यक्ष केनेडी यांनी त्यांना परदेशांत अमेरिकेची माहिती देणाऱ्या सरकारी खात्याचे प्रमुख नेमले. तेव्हा आपल्याच त्या शेतमजुरांवरील कार्यक्रमाचे ब्रिटनमधील प्रदर्शन थांबविण्याचा प्रयत्न त्यांनी केला. सरकारी खुर्चीवर बसल्यावर संपूर्ण सत्य सांगणे किती कठीण असते, हे त्यावरून दिसते. दुसरी उणीव त्यांच्या प्राणांवर बेतली. ते दिवसभर एकामागून एक सिगारेटी ओढीत. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांच्या संबंधाची माहिती देणारा कार्यक्रम त्यांनी १९५५ सालीच केला होता. परंतु दुसऱ्यांना सांगितलेले हे सत्य त्यांना स्वतःला आचरणात आणता आले नाही. १९६३ साली त्यांचे एक फुप्फुस काढावे लागले आणि पुढच्या वर्षाच्या आरंभी त्यांनी सरकारी काम सोडले. २७ एप्रिल १९६५ रोजी, ५७ वा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले असताना, न्यूयॉर्क राज्यातील पॉलिंग येथे आपल्या शेतावर त्यांनी देह ठेवला.

आपला आवाज यंत्राच्या साहाय्याने जगाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जातो, म्हणून आपण अधिक शहाणे झालो असे मर्रो यांनी कधी मानले नाही. उलट, ऐकणारे जितके अधिक, तितकी बोलणाऱ्याची जबाबदारी मोठी, या जाणिवेने ते प्रत्येक शब्द तोलून वापरीत. ज्या पुलमन गावी त्यांनी आयडा लू अँडरसन यांच्यापाशी बोलण्याचे धडे घेतले, तेथील विद्यापीठात आज वृत्तविद्येचे एक महाविद्यालय मर्रो यांच्या नावाने चालते आणि पाहिलेले खरे तेच सांगण्याची विद्या तेथे नव्या पिढीला शिकविली जाते.